औषध वाळेपर्यंत

१२ जानेवारी

ठमे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं. फेकून द्यायचं म्हटलं तरी आधी पाकिटावरचं अक्षर बघावं लागतं, आणि माझं अक्षर बघितल्यावर तू फेकणार नाहीस, एवढी आशा मला अजून आहे. फळ्यावर लिहून लिहून सरळ झालेलं अक्षर आहे ते. जरा थरथरलंय, ते मनावर घेऊ नकोस.

तर नळी बसवली. बेंबीच्या डाव्या अंगाला, पेन्सिलीएवढी जाड, मऊ. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी कायमचा संप पुकारलाय, तेव्हा त्यांचं काम आता पोटातलं पाणी करणार. पिशवीतलं औषधी पाणी नळीवाटे पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, घाण घेऊन ते बाहेर आलं की नवी पिशवी. दिवसभर हेच चक्र. सगळं घरी, तुझ्या खोलीत. तुझी पुस्तकं हॉलमध्ये हलवली आहेत, एकही टाकलेलं नाही.

आता मुद्द्याचं. दवाखान्याच्या जिन्यात तू बाबांना काय बोललीस ते मी ऐकलं. मला झोप लागलीय असं तुम्हा दोघांना वाटत होतं. "तुमच्या हातात मी आईला देणार नाही. तुमच्या नखांतला किल्ल्या घासल्याचा काळा कीस जन्मात निघालेला नाही. शिकलेली बाई ठेवा, नाहीतर तुम्ही तिला माराल." आणि बाबा म्हणाले, "माझी बायको आहे, मी बघतो." झालं. तू पाय आपटत गेलीस ती गेलीसच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, घरी हे सगळं कोण करणार. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. तुला राग आला असेल, येऊ दे. तू त्यांच्याबद्दल जे म्हणतेस ते खोटं नाही. तू झालीस त्या दिवशी त्यांचं किल्ल्यांचं दुकान उघडं होतं. तुझी आजी गेली, दुसऱ्या दिवशी दुकान उघडं. ह्या माणसाने मला कधी "जेवलीस का" असं विचारल्याचं आठवत नाही. चालताना मी दोन पावलं मागे, आणि ते मागे वळून बघतील तर शपथ. पण "मी बघतो" असंही ते याआधी कधी म्हणाले नव्हते. कसं बघतात ते मला बघायचं होतं. म्हातारपणी एक हौस केली असं समज.

उत्तर लिहिलंस तर बरं वाटेल.

आई

२ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहीत राहीन. शाळेत उत्तर न देणाऱ्या पोरांनाच मी जास्त प्रश्न विचारायचे.

तुझे बाबा ओळखू येणार नाहीत तुला. त्यांना दवाखान्यात आठवडाभर शिकवलं. मी वॉर्डात पडलेले, आणि हे दुसऱ्या खोलीत एका रबराच्या पोटावर धडे गिरवत होते. रबराच्या पोटालाही नळी असते म्हणे. सिस्टर सांगत होती की एवढा पक्का विद्यार्थी तिने पाहिला नाही. मी म्हटलं, रबराचं पोट त्यांना उलट बोलत नाही ना, म्हणून.

सकाळी ते आधी खिडकी लावतात, मग पंखा बंद करतात, मग मास्क. मग हात. हात धुणं म्हणजे काय सांगू. बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं, एकेक नख. मी इतकी वर्षं पोरांना "हात धुऊन या" म्हणत आले, पण असे हात कुणी धुतलेले पाहिले नाहीत. काळा कीस निघाला, ठमे. नखं गुलाबी आहेत त्यांची, मलाच माहीत नव्हतं. साबणाने भेगा पडल्यात, कानस धरताना दुखतं. पण दुकान आता दुपारीच उघडतं, तेही थोडा वेळ.

पिशवी झाली की रोज नळीभोवतालची कातडी साफ करायची. जंतुनाशकात भिजवलेला कापूस नळीपासून सुरू करून बाहेर बाहेर गोल फिरवायचा, तोच कापूस पुन्हा आत आणायचा नाही. मग ते वाळलं की वर कापडाची पट्टी. माझी कातडी तिथे सोलवटलीय, त्यामुळे ते औषध जाम झोंबतं. मी काही बोलत नाही. बोलायची सवय नाही आपल्या घरात.

एक सांगू की नको, असं झालंय. जाऊ दे, सांगतेच, तुझ्याशिवाय सांगणार कोणाला. औषध लावून झालं की ते मास्क खाली ओढतात, वाकतात आणि हळूच फुंकर घालतात. तू पडलीस की मी तुझ्या गुडघ्यावर घालायचे तशी. आग थांबते. पहिल्यांदा घातली तेव्हा मी छताकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर ते ओशाळले असते. मग पुन्हा मास्क वर, पट्टी, आणि "झालं" म्हणतात. तेवढंच बोलणं.

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मी रोज सकाळी त्या फुंकरीची वाट बघत जागी होते. हसू नकोस. तू जिन्यात म्हणालीस ना, की ह्या माणसाला कोणाचं काही नाही. म्हणून लिहिलं.

आई

१९ मार्च

ठमे,

तपासणीसाठी दवाखान्यात आले आहे, म्हणून हा कागद वेगळा. पेन शेजारच्या खाटेवरच्या बाईचं आहे, तिला परत द्यायचंय, तेव्हा थोडक्यात लिहिते. तब्येत ठीक. जेवण बेचव.

आता पेन तिने ठेवून घ्या म्हटलंय, तेव्हा खरं लिहिते. तपासणी कसली, पोटात जंतू गेलेत. त्या दिवशी पाणी बाहेर आलं ते गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं. बाबांनी पिशवी उजेडात धरली आणि धरूनच राहिले. मला पोटात असं दुखत होतं की उताणं झोपता येईना आणि कुशीवर वळता येईना. थंडी वाजून दात आपटत होते. ते एकच म्हणत होते, "मी सगळं केलं होतं. सगळं नीट केलं होतं." मला की स्वतःला, कळेना.

आता पिशवीतूनच औषध सोडतायत. पाणी निवळायला लागलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यावेळी निभावलं, पण असं पुन्हा झालं तर नळी काढावी लागेल, आणि मग घरी काही करता येणार नाही. माझं हृदय आधीच दुबळं आहे, दवाखान्यातलं यंत्र त्याला सोसेल का याची त्यांना शंका आहे. हे त्यांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं. पण दार लोटायला विसरल्या. आपल्या घरातल्या बायकांना सगळं दारामागूनच कळतं बघ.

जंतू कुठून गेले ते शोधायला सिस्टर घरी येणार आहे. बाबा काय चुकतायत ते बघणार. तू म्हणशील, मी आधीच सांगितलं होतं. म्हण. ते म्हणायला तरी फोन कर.

आई

८ एप्रिल

ठमे,

सिस्टर आली होती. तरुण आहे, तुझ्याच वयाची, बोलायला मोकळी. म्हणाली, "काका, मी आलेच नाही असं समजा आणि रोजच्यासारखं करा." आणि कोपऱ्यात स्टुलावर बसली.

बाबांनी केलं. खिडकी, पंखा, मास्क, हात. पिशवी जोडली, सोडवली. ती मान डोलावत होती. परीक्षेत पोरगं बरोबर उत्तरं देत सुटतं तेव्हा मास्तरांना होतो तसा आनंद मला होत होता. मनात म्हटलं, ठमी इथे असायला हवी होती. मग कापूस, गोल, आतून बाहेर. माझे पाय ताठ झाले. आणि त्यांनी मास्क खाली ओढला.

सिस्टर स्टुलावरून उठली. "काका, हे काय?"

बाबा वाकलेले तसेच थांबले.

ती ओरडली नाही, हे तिचे उपकार. पण आवाज उतरला तिचा. "काका, शिकवताना सांगितलं होतं ना. औषध आपोआप वाळू द्यायचं. ते वाळतं तेव्हाच जंतू मरतात. फुंकर घातली की तोंडातले जंतू थेट नळीपाशी जातात. रिपोर्टमध्ये तेच आलेत, तोंडातले."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी त्या खोलीत नव्हते ना, रबराचं पोट होतं. मला वाटलं आता ते सांगतील. काय सांगतील ते माहीत नाही, पण काहीतरी माझ्या बाजूचं. ते सरळ उभे राहिले, मास्क वर घेतला आणि म्हणाले, "सवय आहे. दुकानातली. किल्ली घासली की फुंकर मारून कीस उडवायचा. हात चालतो तसं तोंड चालतं."

सिस्टर म्हणाली, "असं होतं, काका. कामाची सवय असते. पण आता सोडा."

ती गेल्यावर मी उशीत तोंड घालून पडले. तुला वाटेल, जिवावर बेतलं म्हणून रडत असेल. नाही गं. मी त्या फुंकरीला काय समजत होते आणि ती काय निघाली. मी एक किल्ली होते. घासून झाली, फुंकर मारली, पुढचं गिऱ्हाईक. म्हाताऱ्या बाईने कसल्या गोष्टीवर जीव लावून बसावं त्याला काही धरबंध असतो. तुला इतक्या कौतुकाने लिहिलं, त्याची आता लाज वाटते.

तेव्हापासून त्यांनी मला हात लावलेला नाही. सिस्टरला सांगून बाई ठेवली. शिकलेली. तुझ्या मनासारखं झालं. चांगली आहे, हातमोजे घालते, औषध लावून झालं की हात बांधून घड्याळाकडे बघत उभी राहते. झोंबतं तेवढा वेळ झोंबतं. बाबा हॉलमध्ये तुझ्या पुस्तकांजवळ झोपतात. चहा आणून दिला तरी मास्क लावून देतात आणि दारातूनच परत जातात. मी म्हटलं, "अहो, मला साथीचा रोग झालाय का?" तर त्यांनी दार लोटून घेतलं.

आई

२१ मे

ठमे,

नळी काढली. जंतू तिच्यातच घर करून राहिले होते. बाईने कितीही निगुतीने केलं तरी पाणी पुन्हा गढूळ आलं. पोट आतून चिकटलंय, आता तिथे काही होणार नाही. तुझी खोली मोकळी झाली.

आता मी दवाखान्यात असते. मानेत नळी घालून यंत्राला जोडतात. ते सुरू झालं की रक्तदाब खाली जातो, डोळ्यांसमोर अंधारी येते, मग थांबवतात, मग पुन्हा सुरू. पूर्ण कधी होत नाही. अंगात जे साठायचं ते साठत चाललंय. माझी घड्याळ बघायची इच्छा संपली आहे. शेजारच्या खाटेवरच्या बायका बदलतात, त्यांच्याशी ओळख करून घ्यायचाही कंटाळा येतो. मला कंटाळा येतो म्हणजे बघ.

बाबा रोज येतात. दाराजवळ खुर्ची घेऊन बसतात, मांडीवर हात पालथे ठेवून. हात धुऊन धुऊन कातडी गेलीय त्यांची, रक्त येतं. सिस्टर म्हणाली, काका, आता तुम्हाला काही करायचं नाहीये, एवढे हात धुऊ नका. ऐकत नाहीत.

परवा धीर केला. म्हटलं, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"ती फुंकर. मला झोंबतंय म्हणून घालायचात का? कधीतरी, एखाद्या दिवशी तरी?"

ते आपल्या सोललेल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सवय. सांगितलं ना."

"बरं," मी म्हटलं. "किल्लीवरची."

त्यांनी मान खाली घातली. मग उठून हात धुवायला गेले.

ठमे, मी ह्यांना दोष देत नाही. कोणी मुद्दाम थोडंच करतं. पण मला मरायचंच होतं तर ते प्रेमापायी झालं असतं तर मी हसत गेले असते, इतकी मी वेडी आहे. सवयीपायी मरायचं म्हणजे फार झालं. हे मी फक्त तुला लिहितेय, कारण तूच त्यांच्यावर सगळ्यात जास्त चिडलेली आहेस. तू जिंकलीस. मी चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं.

येऊ नकोस असं लिहिणार होते. ये.

आई

२७ जून

चि. ठमीस,

मला पत्र लिहिता येत नाही. सांभाळून घे.

आई गेल्यावर तू आलीस, राहिलीस, सगळं उरकलं, आपण दोघं बोललो नाही. जाताना तू दारात विचारलंस, "माझं पत्र आईला मिळालं होतं का?" मी हो म्हटलं. ते खोटं आहे.

तुझं पत्र ती जायच्या आठवडाभर आधी घरी आलं होतं. तिच्या नावाचं होतं. मी उघडलं. तू लिहिलं होतंस, "आई, बाबा किल्लीवर कधीच फुंकर मारत नाहीत. लहानपणी मी दुकानात बसून एकदा मारली, तर त्यांनी पाठीत धपाटा घातला होता. लोखंडाचा कीस डोळ्यात जातो म्हणून. ते ब्रशने झाडतात. मग ही सवय कुठली, ते त्यांना विचार."

तुला बरोबर आठवतं. सवय नव्हती.

औषध लावलं की तिच्या पायाची बोटं आखडायची. तोंडाने काही म्हणायची नाही, छताकडे बघत राहायची. फुंकर घालायची नाही हे मला सिस्टरने बजावलं होतं. पाठ होतं. पहिले काही दिवस नाही घातली. मग ती बोटं बघवेनात. वाटलं, हात एवढे स्वच्छ आहेत, एवढ्याने काय होतंय. घातली तर बोटं सैल पडली. मग रोज घातली.

सिस्टरने पकडलं तेव्हा सवय म्हणालो. माहीत असून केलं, असं तुझ्या आईसमोर बोलायची छाती झाली नाही. तिने दवाखान्यात विचारलं तेव्हाही तेच. तुझं पत्र आल्यावर ते खिशात घालून रोज जात होतो. आज वाचून दाखवू, उद्या दाखवू. वाचलं असतं तर तिला कळलं असतं की ते तिच्यासाठीच होतं. पण मग हेही कळलं असतं की मला धोका ठाऊक होता. एक सांगायचं तर दुसरं सांगावं लागत होतं. मी दाराजवळ बसून राहिलो.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, दुकान उघडलंत का. मी म्हटलं, नाही, उघडतो आता. म्हणाली, जा मग. मी गेलो. मी कुलूप काढत होतो तेव्हा सिस्टरचा फोन आला.

पत्र सोबत परत पाठवतो आहे. मला ते ठेवायचा हक्क नाही. तू मला तुझ्याकडे राहायला बोलावतेस, ते नको.

जिन्यात तू म्हणालीस ते मी ऐकायला हवं होतं. शिकलेली बाई पहिल्यापासून ठेवली असती, तर ती औषध वाळेपर्यंत हात बांधून उभी राहिली असती. तुझ्या आईला झोंबलं असतं, आणि ती आज असती.

बाबा